गाठीचा मुलूख

बोरगाव मेघे कुठे संपतं नि वर्धा कुठे सुरू होतं, हे आता घरांवरून सांगता येत नाही. शिवारात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मात्र अजून उभी असते. या टापूला त्याचं रूप दिलं ते तिच्या रुईच्या गाठीनं.

वर्धा शहर तसं नवंच. जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा निघाला, कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी शहर आखलं गेलं. तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. त्या चार वर्षांत लँकेशायरच्या गिरण्या कापसाला महाग झाल्या आणि याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस चढ्या भावानं गेला. पुढे भाव उतरले, पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती.

खरा फरक इथे पडला. पूर्वी रुई सैल भरून बंडीनं नाही तर बैलांच्या पाठीवर जाई. वाटेत धूळ खाई, पावसात भिजे. वाघिणीत नि जहाजात मात्र जागा मोलाची. म्हणून जिनात सरकी काढायची आणि प्रेसमध्ये रुई दाबून दाबून गाठ बांधायची. हिंगणघाट-पुलगावला कापडगिरण्याही निघाल्या, तरी पुष्कळशी रुई मुंबईचीच वाट धरी.

गंमत अशी, की गाठीला विरोधही वर्ध्यातच वाढला, तोही व्यापाऱ्याच्या आश्रयानं. कापसाच्या व्यापारातल्या जमनालाल बजाजांनी गांधींना इथे आणलं, आपली बाग ग्रामोद्योगांना दिली, तीच मगनवाडी. हातकताईवाल्यांचा हिशेब सरळ होता: शेजारच्या घरात सूत निघणार असेल, तर रुई दाबायची कशाला? दाबलेली रुई पुन्हा मोकळी करताना तंतूंना इजा होते, ती वेगळीच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींनी मगन संग्रहालय उघडलं. ते निव्वळ जुन्या चरख्यांचं कोठार आहे असं समजून पुढे जाणाऱ्यांनी तिथली खादी हातात घेऊन पाहावी.

वाद गाठीनं जिंकला, यात शंका नाही. १९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, ती पुढे ओसरली, २००२ पासून बीटी बियाणं आलं. मालक बदलले, बियाणं बदललं. जिनातून आजही १७० किलोची गाठच बाहेर पडते, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो ती बांधली जाण्याआधीच्या, सरकीसकट कापसाचा.