शीतलतेचा निर्णय : चिनी वैद्यकपरंपरा आणि 'होंगलोउ मंग'

चिनी वैद्यकात 'शीतल' हे विशेषण स्पर्शाचे नसून परिणामाचे आहे. हान काळातील परंपरेचे संकलन मानल्या गेलेल्या 'शेन्नोंग बेन्त्साओ जिंग' या ग्रंथात ३६५ औषधद्रव्यांची नोंद असून प्रत्येक द्रव्याचा विचार पाच रस आणि चार प्रकृती (अतिशीत, शीत, कोष्ण व उष्ण) यांच्या आधारे केला आहे. उष्णतेच्या विकारावर शीत द्रव्य आणि थंडीच्या विकारावर उष्ण द्रव्य, हा त्यातील मूलभूत नियम. त्यामुळे वाफाळता शेवंतीचा चहा शीतल ठरतो, तर थंडगार मद्य उष्णच राहते. नियम सोपा आहे. परंतु विकार उष्णतेचा आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून, हा प्रश्न सोपा नाही. शीतोपचाराचा इतिहास हा वस्तुतः या निर्णयाच्या अधिकाराचा इतिहास आहे.

इ. स. २००च्या सुमारास झांग झोंगजिंग याने रचलेल्या 'शांगहान लुन' या ग्रंथाने ज्वराचे मूळ शरीरात शिरलेल्या थंडीत शोधले. तथापि, तीव्र दाह आणि तहान यांवर त्याच ग्रंथात 'श्वेतव्याघ्र काढा' दिला आहे. जिप्सम, झिमू नावाचे मूळ, ज्येष्ठमध आणि तांदूळ एवढेच त्यातील घटक. श्वेतव्याघ्र हा पश्चिमेचा आणि शरद ऋतूचा रक्षक. उन्हाळ्याच्या काहिलीनंतर येणारी शरदाची झुळूक या नावातूनच सूचित होते. पुढे कलिंगडाला 'निसर्गदत्त श्वेतव्याघ्र काढा' असे बिरुद मिळाले. औषध आणि अन्न यांतील सीमारेषा किती पुसट होती, याचे हे बोलके उदाहरण होय.

या ग्रंथाचे प्रामाण्य जसजसे वाढत गेले, तसतसे त्यावरील मतभेदही तीव्र झाले. बाराव्या शतकात लिउ वानसू याने बहुतेक विकारांच्या मुळाशी अग्नी व उष्णता असल्याचे प्रतिपादन केले. याउलट झांग ज्येबिन (१५६३–१६४०) याने शीतल औषधांच्या अतिरेकावर टीका करून शरीरातील ऊब जपण्याचा आग्रह धरला. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. १६४१च्या साथीनंतर, १६४२ मध्ये वू योउशिंग याने 'वेनयी लुन' लिहिला. साथीचा रोग थंडीने होत नसून नाकातोंडावाटे शिरणाऱ्या दूषित 'छी'मुळे होतो, असे त्याने सांगितले. जुन्या ग्रंथाबरहुकूम केलेल्या उपचारांनीच रोगी दगावतात, हा त्याचा आक्षेप होता. रेवाचिनीसारखे कडू व अतिशीत रेचक तो निःसंकोचपणे वापरी. वू जूतोंग (१७५८–१८३६) याचा पिता आजारपणात दगावला, पुढे पुतण्याही ज्वराने गेला. त्यानंतरच्या अध्ययनातून 'वेनबिंग त्याओब्येन' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १८१३ मध्ये मुद्रित झाला. तुतीची पाने, शेवंती, पुदिना यांचा त्यातील सौम्य काढा आजही प्रचारात आहे.

वैद्यांच्या ग्रंथांत हा वाद चालू असताना हाच निर्णय घरोघरी कसा घेतला जाई, हे त्साओ श्वेछिन याच्या 'होंगलोउ मंग' या अठराव्या शतकातील कादंबरीत दिसते. आठव्या प्रकरणात बाओयू थंड मद्य मागतो, तेव्हा बाओछाय त्याला अडवते : मद्य मुळात उष्ण, ते गरम प्याल्यास लवकर विरते, थंड प्याल्यास आत साकळते. चौतिसाव्या प्रकरणात वडिलांच्या हातचा मार खाल्लेला बाओयू आंबट आलूबुखाराचे सरबत मागतो. तहान भागवणारे हे पेय दासी शीरन त्याला देत नाही. आंबट रस संकोचक असतो. माराने खवळलेली, न रडता कोंडलेली उष्णता त्यामुळे हृदयापाशी अडकेल, अशी तिला भीती वाटते. येथे निर्णय पोथीचा नाही, वैद्याचाही नाही. तो रुग्णाला जवळून ओळखणाऱ्या दासीचा आहे.

स्वतः बाओछायला जन्मतःच लाभलेल्या उष्णतेवर एका भिक्षूने सांगितलेली 'शीतसुगंध' गोळी घ्यावी लागते. चार ऋतूंतील चार पांढऱ्या फुलांचे केसर आणि नेमक्या सौर दिवशी पडलेले पाऊस, दव, दहिवर व हिम यांचे पाणी अशी तिची कृती आहे. बाहेरून संयत, शांत भासणाऱ्या या नायिकेच्या अंतरी दाह आहे, हे कादंबरीकार औषधाच्या कृतीतून सुचवतो. वैद्यकाची परिभाषा अशा रीतीने स्वभावचित्रणाची परिभाषा होते.

वाळा, सब्जा, गुलकंद यांना 'थंड' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. आयुर्वेदातील शीत व उष्ण वीर्याची कल्पना तर लगेच आठवेल. परंतु साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. वीर्याचा विचार विपाक व प्रभाव यांच्या चौकटीत होतो. चिनी प्रकृतीचा विचार यिन-यांग व ऋतुचक्राच्या चौकटीत होतो. ग्वांगदोंग, हाँगकाँग व मकाव येथील 'ल्यांगछा' म्हणजे शीतल चहाला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा मान्यतेमुळे ही कल्पना अनादी व निर्विवाद भासू लागते. प्रत्यक्षात ती वादांतून, साथींतून आणि घरातल्या स्त्रियांच्या सावध नकारांतून घडत आली आहे. अनुवादकाने 'थंड' हा एकच शब्द सर्वत्र योजल्यास हा इतिहास झाकला जातो. म्हणूनच तौलनिक अभ्यासकाने शब्दाआधी त्यामागचा निर्णय वाचणे आवश्यक ठरते.