आंगेराँ सातवा, कूसीचा सरदार

आंगेराँ सातवा (जन्म : सुमारे इ.स. १३४०, मृत्यू : १८ फेब्रुवारी, इ.स. १३९७, बुर्सा) हा चौदाव्या शतकातील एक प्रमुख फ्रेंच सरदार, सेनानी आणि मुत्सद्दी होता. उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतातील कूसी या जहागिरीचा तो धनी होता. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा जावई आणि फ्रान्सच्या राजाचा मांडलिक अशी दुहेरी नाती त्याला शतवर्षीय युद्धाच्या ऐन धामधुमीत सांभाळावी लागली. निकोपोलिसच्या लढाईत तो ऑटोमन तुर्कांच्या हाती सापडला आणि कैदेतच मरण पावला. त्याला औरस मुलगा नसल्यामुळे कूसीच्या सरदारांची परंपरा त्याच्याबरोबर संपली.

घराणे आणि किल्ला

कूसीचे सरदार पदवीने मोठे नव्हते. आपण राजा, राजपुत्र, ड्यूक किंवा काउंट नसून केवळ कूसीचे धनी आहोत, अशा आशयाचे त्यांचे ब्रीदवाक्य प्रसिद्ध आहे. वरवर पाहता त्यात नम्रता दिसते. प्रत्यक्षात तो अभिमानच होता. तिसऱ्या आंगेराँने तेराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्यावरून त्या अभिमानाची कल्पना येते. या किल्ल्याचा मुख्य बुरूज सुमारे ५५ मीटर उंच होता, त्याचा व्यास सुमारे ३१ मीटर होता आणि तळाशी भिंतींची जाडी सात मीटरांहून अधिक होती. राजाने बांधलेल्या किल्ल्यांतही त्याला तोड नव्हती.

घराण्याचा लौकिक मात्र निष्कलंक नव्हता. चौथ्या आंगेराँने आपल्या रानात शिकार करताना सापडलेल्या तीन तरुणांना चौकशीविना फासावर लटकवले होते. नववा लुई (संत लुई) याने त्याला पकडून आणवले, खटला चालवला आणि इतर सरदारांच्या नाराजीची पर्वा न करता जबर दंड केला. हा चौथा आंगेराँ १३११ मध्ये निपुत्रिक वारला आणि जहागीर त्याच्या बहिणीच्या वंशाकडे, म्हणजे गीनच्या काउंटांच्या शाखेकडे गेली. सातवा आंगेराँ याच शाखेतला. म्हणजेच ज्या कूसी नावाचा तो अखेरचा वारस ठरला, ते त्याच्या कुळाकडे स्त्रीच्या बाजूने आलेले होते.

बालपण

त्याचा पिता सहावा आंगेराँ आणि माता कॅथरिन. कॅथरिन ही ऑस्ट्रियाचा ड्यूक पहिला लिओपोल्ड याची कन्या, म्हणजे हाप्सबुर्ग घराण्यातील होती. पिता १३४६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या युद्धकाळात मृत्यू पावला. आईने पुन्हा विवाह केला. पण १३४९ मध्ये युरोपभर थैमान घालणाऱ्या प्लेगच्या साथीत तीही गेली. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी आंगेराँ पोरका झाला. आईकडून त्याला हाप्सबुर्ग मुलखातील काही प्रदेशांवरचा हक्क मिळाला. तो पुढे एका मोठ्या मोहिमेचे कारण ठरला.

१३५८ मध्ये उत्तर फ्रान्समधील शेतकऱ्यांनी सरदारवर्गाविरुद्ध उठाव केला. तो ‘जाकरी’ या नावाने ओळखला जातो. आपल्या भागातील उठाव मोडून काढणाऱ्या सरदारांचे नेतृत्व अठरा वर्षांच्या आंगेराँने केले. ही कारवाई निर्दय होती. त्याच्या चरित्राची प्रशंसा करताना हा आरंभ विसरता येत नाही.

ओलीस आणि राजजामात

प्वातियेच्या लढाईत (१३५६) फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला होता. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहानुसार त्याच्या सुटकेची खंडणी फिटेपर्यंत अनेक फ्रेंच सरदार इंग्लंडमध्ये ओलीस राहिले. आंगेराँ त्यांपैकी एक होता. ओलीस म्हणजे कोठडीतला कैदी नव्हे. दरबारातील मेजवान्या, शिकार आणि नृत्य यांत या सरदारांना मुक्त प्रवेश असे. दिसायला देखणा, वागण्यात शालीन आणि नृत्य-गायनात निपुण अशा या तरुणाकडे राजकन्या इझाबेला आकृष्ट झाली, असे इतिवृत्तकार झाँ फ्रॉइसार याच्या लेखनातून दिसते. तो स्वतः त्या काळात इंग्लंडच्या दरबारात होता.

इझाबेला ही तिसऱ्या एडवर्डची थोरली आणि लाडकी मुलगी. फ्लँडर्सच्या तरुण काउंटाशी तिचा विवाह ठरला असता तो ऐनवेळी फ्रान्सला पळून गेला होता. पुढे गॅस्कनीतील एका सरदारपुत्राशी ठरलेले लग्न तिनेच मोडले. २७ जुलै १३६५ रोजी विंडसर येथे तिचा आंगेराँशी विवाह झाला, तेव्हा ती ३३ वर्षांची, तर तो २५ वर्षांचा होता. विवाहाबरोबर त्याची खंडणीशिवाय मुक्तता झाली. पुढील वर्षी एडवर्डने त्याला बेडफर्डचा अर्ल केले, गार्टर या बहुमानाच्या सरदारमंडळात घेतले आणि १३६७ मध्ये फ्रान्समधील स्वासाँची काउंटशाहीही त्याला मिळवून दिली. ती ब्लवा घराण्यातील एका ओलीस सरदाराने स्वतःच्या सुटकेसाठी सोडली होती.

या दांपत्याला दोन मुली झाल्या. थोरली मारी १३६६ मध्ये कूसी येथे जन्मली, तर धाकटी फिलिपा १३६७ मध्ये इंग्लंडमध्ये. आई-वडिलांच्या दोन देशांची ही वाटणी पुढे मुलींच्या आयुष्यातही उतरली.

बावीस गावांची सनद

ऑगस्ट १३६८ मध्ये आंगेराँने आपल्या जहागिरीतील बावीस गावांना एकत्रित सनद देऊन तेथील लोकांना भूदासत्वाच्या बंधनांतून मुक्त केले. भूदासाने परक्या जहागिरीत लग्न केल्यास दंड भरावा लागे आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता धन्याकडे जाई. या जाचामुळे लोक गावे सोडून जात होते आणि जमिनी ओस पडत होत्या. सनदेतच हे कारण नमूद आहे. शिवाय आपल्या पित्याचाही असाच मनोदय होता, असे त्यात म्हटले आहे. मुक्ततेच्या मोबदल्यात गावांवर वार्षिक देणे बसवले गेले. दहा वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचा उठाव चिरडणाऱ्या सरदाराला मनुष्यबळाची किंमत प्लेग आणि युद्ध यांनी शिकवली, असे म्हणावे लागते.

दोन राजे

१३६९ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले. सासऱ्याविरुद्ध शस्त्र उचलावे, की आपल्या राजाशी द्रोह करावा, हा पेच आंगेराँपुढे उभा राहिला. त्याने दोन्ही टाळून इटलीची वाट धरली आणि पोपच्या बाजूने मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याविरुद्ध लढण्यात काही वर्षे घालवली. ही तटस्थता दोन्ही दरबारांनी मान्य केली, यावरून त्याच्याविषयीचा आदर लक्षात येतो.

१३७५ मध्ये आईच्या वारशाचा हक्क बजावण्यासाठी त्याने हाप्सबुर्ग बंधूंवर स्वारी केली. तहाच्या काळात बेकार झालेल्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या त्याने गोळा केल्या. त्या फ्रान्समधून बाहेर पडाव्यात, ही फ्रान्सच्या राजाचीही इच्छा होती. आल्सास लुटत हे सैन्य आजच्या स्वित्झर्लंडमधील आरगाऊ भागात शिरले. सैनिकांच्या टोकदार टोप्यांवरून स्थानिक लोकांनी त्यांना ‘गुगलर’ म्हटले. लिओपोल्डने समोरासमोर लढाई न देता स्वतःचाच मुलूख उजाड केला, म्हणून आक्रमकांना अन्नासाठी विखुरावे लागले. डिसेंबरमध्ये बुटिसहोल्त्स, इन्स आणि फ्राउब्रुनेन येथे शेतकऱ्यांनी व बर्नच्या नागरिकांनी या विखुरलेल्या तुकड्यांवर अचानक हल्ले करून त्यांची कत्तल केली. आंगेराँला माघार घ्यावी लागली.

२१ जून १३७७ रोजी तिसरा एडवर्ड मरण पावला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, आंगेराँने नवा राजा दुसरा रिचर्ड याला पत्र लिहून गार्टरचा बहुमान आणि इंग्लंडमधील सर्व पदव्या व जमिनी परत केल्या. सासरा हयात असेपर्यंत त्याने हा निर्णय लांबणीवर टाकला होता. या निर्णयाने कुटुंब दुभंगले. इझाबेला धाकट्या फिलिपासह इंग्लंडमध्ये राहिली व काही वर्षांतच मरण पावली. मारी फ्रान्समध्ये पित्याजवळ राहिली.

फ्रान्सच्या सेवेत

यापुढील दोन दशके तो फ्रेंच राजसत्तेचा आधारस्तंभ होता. १३८० मध्ये बेर्त्राँ द्यु गेक्लँ या सरसेनापतीच्या मृत्यूनंतर ते पद आंगेराँला देऊ करण्यात आले. परंतु त्याने ऑलिव्हिए द क्लिसाँ हा अधिक योग्य असल्याचे सांगून ते नाकारले, असे फ्रॉइसार लिहितो. करांविरुद्ध पेटून उठलेल्या पॅरिसच्या नागरिकांशी बोलणी करण्याचे नाजूक काम १३८२ मध्ये त्याच्यावरच सोपवले गेले. १३८४ मध्ये आंजूचा ड्यूक लुई याच्या मदतीसाठी तो इटलीत उतरला आणि त्याने अरेझ्झो शहर घेतले. तेवढ्यात लुईच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा त्याने ते शहर ४०,००० फ्लोरिनांना फ्लॉरेन्सला विकून टाकले. १३९० मधील महदिया (आजचा ट्युनिशिया) येथील निष्फळ मोहिमेतही तो होता. त्याच वर्षी त्याने स्वासाँजवळ सेलेस्तीन पंथीय मठ स्थापन केला.

१३८६ मध्ये त्याने लोरेनच्या ड्यूकची कन्या इझाबेल हिच्याशी दुसरा विवाह केला. तिच्यापासूनही एक मुलगीच झाली. पर्सेव्हाल नावाचा त्याचा एक अनौरस मुलगा होता. मात्र जहागिरीवर त्याचा हक्क नव्हता.

निकोपोलिस आणि मृत्यू

१३९६ मध्ये ऑटोमन सुलतान पहिला बायेझिद याच्याविरुद्ध हंगेरीच्या मदतीसाठी फ्रेंच सरदार निघाले. सेनापतिपद बर्गंडीच्या ड्यूकचा तरुण मुलगा जाँ याच्याकडे होते, आणि आंगेराँ त्याच्या ज्येष्ठ सल्लागारांपैकी एक होता. लढाईच्या आदल्या दिवशी आंगेराँने तुर्कांच्या एका तुकडीला सापळ्यात पकडून तिचा पराभव केला. या यशाने सरसेनापती फिलिप द आर्त्वा याचा मत्सर मात्र जागा झाला. हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याचे म्हणणे असे होते, की तुर्कांच्या हलक्या फौजेला आधी त्याच्या पायदळाने थोपवावे आणि फ्रेंच घोडदळ मुख्य सैन्यासाठी राखून ठेवावे. आंगेराँने आणि नौदलप्रमुख जाँ द व्हिएन याने या योजनेला पाठिंबा दिला. आर्त्वाला व तरुण सरदारांना त्यात अपमान वाटला. २५ सप्टेंबर रोजी घोडदळ पुढे धावले, चढणीवर रोवलेल्या टोकदार खांबांत अडकले आणि अखेर वेढले गेले. व्हिएन मारला गेला. आंगेराँ, त्याचा जावई आंरी द बार आणि इतर अनेकजण पकडले गेले. दुसऱ्या दिवशी बायेझिदने बहुसंख्य कैद्यांची कत्तल करवली, कारण क्रुसेडरांनीही लढाईपूर्वी आपल्या ताब्यातील कैद्यांना मारले होते. मोठी खंडणी देऊ शकणारे सरदार तेवढे वाचले.

या कैद्यांना गॅलिपोलीमार्गे बुर्सा येथे नेण्यात आले. १६ फेब्रुवारी १३९७ रोजी आंगेराँने मृत्युपत्र केले आणि दोन दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याचे हृदय फ्रान्सला आणून स्वासाँजवळच्या त्याच्याच मठात पुरण्यात आले. आंरी द बारही सुटकेनंतर मायदेशी पोहोचण्यापूर्वी मृत्यू पावला.

मुली आणि वारसा

पिता आणि पती एकाच मोहिमेत गमावलेल्या मारीला सावत्र आईशी वारसाहक्कासाठी झगडावे लागले. अखेर १४०० मध्ये तिने कूसीची जहागीर राजाचा भाऊ ऑर्लेआँचा ड्यूक लुई याला ४,००,००० लिव्हर किमतीस विकली. त्याचा नातू बाराव्या लुईच्या रूपाने १४९८ मध्ये गादीवर आला आणि कूसी राजघराण्याकडे गेली. मारीचा मुलगा रोबेर द बार १४१५ मध्ये आझँकूरच्या लढाईत पडला. त्याच्या मुलीच्या वंशातून पुढे फ्रान्सचा राजा चौथा हेन्री जन्मला.

फिलिपाचा विवाह ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट द व्हेर याच्याशी झाला होता. दुसऱ्या रिचर्डच्या या मर्जीतल्या सरदाराने १३८७ मध्ये राणीच्या एका दासीसाठी तिला सोडले. राजाच्या आत्तेबहिणीचा हा अपमान इंग्रज सरदारांना फार झोंबला. एवढेच नव्हे, तर द व्हेरच्या स्वतःच्या आईने सुनेची बाजू घेतली. घटस्फोट पुढे पोपने रद्द ठरवला. फिलिपा १४११ मध्ये वारली. दुसऱ्या विवाहाची मुलगी इझाबेल हिचा विवाह नेव्हेरच्या काउंटाशी झाला आणि तीही १४११ मध्येच निवर्तली.

अमेरिकन लेखिका बार्बरा टकमन हिने १९७८ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘अ डिस्टंट मिरर’ या ग्रंथात चौदाव्या शतकाचा इतिहास आंगेराँच्या चरित्राच्या धाग्यावर गुंफला, तेव्हा त्याचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. त्याच्या पूर्वजांचा भव्य बुरूज तोपर्यंत राहिला नव्हता. पहिल्या महायुद्धात माघार घेताना, मार्च १९१७ मध्ये, जर्मन सैन्याने सुमारे २८ टन स्फोटके लावून तो उडवून दिला. तटबंदीचे काही भाग आणि भग्न बुरूज आजही कूसी-ल-शातो या गावी पाहावयास मिळतात.