पाना आणि माप

घरी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला हत्यारे किती लागतात, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे. पान्यांचा एक संच, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, जॅक आणि उचललेली गाडी टेकवावयास भक्कम घोड्या. कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. परंतु या यादीतील पहिलीच वस्तू वाटते तितकी साधी नाही. 'पान्यांचा संच' म्हटले की 'कोणता?' असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने निरनिराळ्या कारखान्यांतील नमुने जमवून त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे समान आटे सुचविले. इंग्लंडने ते हळूहळू स्वीकारले. मात्र १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन पुढे मांडला. सामान्य कारागिराला तो अधिक सुलभपणे कापता येतो, हा त्याचा मुद्दा होता. अमेरिका त्या वाटेने गेली. युरोप खंडात मेट्रिक पद्धती रुजली. अशा रीतीने एकी साधण्याच्या प्रयत्नांतूनच तीन घराणी निर्माण झाली.

या घराण्यांच्या संकराचा एक मासला मनोरंजक आहे. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना मॉरिस गाड्यांची इंजिने बनवी. १९२३ साली मॉरिसने तो विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच असल्यामुळे आटे मेट्रिक पडत. परंतु इंग्रज गिऱ्हाइकांच्या घरी पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची ठेवीत! पाना बसे, पण बाजारातून आणलेला बोल्ट बसत नसे.

दुसऱ्या महायुद्धात हा भेद गमतीचा राहिला नाही. डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्याने रोल्स रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन तयार करावयास घेतले, तेव्हा ब्रिटिश आट्यांसाठी लागणारी हत्यारे त्याला स्वतःच घडवावी लागली. मित्रराष्ट्रे एक, शत्रू एक. परंतु एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडेना. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आट्यांच्या करारावर सह्या केल्या. ब्रिटनने शतकभर जपलेला ५५ अंशांचा कोन सोडला. अमेरिकेनेही आपल्या आट्यांच्या घडणीत फेरफार मान्य केले. पुढे १९६५ साली खुद्द ब्रिटननेच मेट्रिकची वाट धरली, हा भाग वेगळा.

या साऱ्याचे पडसाद आपल्या अंगणापर्यंत आले. उत्तरपाऱ्याची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी. १९४८ च्या करारातील इंची आटे घेऊन ती आली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट इटालियन वंशाची, म्हणजे मेट्रिक. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी अँबॅसडरवाल्यांच्या पेटीतील इंची पाने दीर्घकाळ टिकले. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर, अर्ध्या इंची ए.एफ. पान्याचे १२.७, आणि मेट्रिक तेरा नंबरचे १३. (व्हिटवर्थचा आकडा बोल्टच्या जाडीचा, ए.एफ.चा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचा.) डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, जोर लावताच पाना सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि बोटे सोलवटतात ती वेगळीच.

आज नव्या गाडीसाठी ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचा मेट्रिक संच बहुधा पुरतो. परंतु वडिलांची अँबॅसडर ज्यांनी सांभाळून ठेवली आहे, त्यांनी इंची पाने भंगारात घालू नयेत. बदलीच्या गावी जुन्या मापाचा पाना मिळेलच असे नाही. समान माप हे श्रेष्ठ यंत्रज्ञाच्या एका निबंधाने प्रस्थापित होत नाही. प्रत्येकाने आपले थोडे सोडावे लागते, आणि ते जोवर कोणी सोडीत नाही, तोवर त्याची किंमत गाडीखाली पडलेला माणूस भरीत असतो.