जात्यावरचे दफ्तर

घराण्याचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी प्रथम सनदा, महजर व वंशावळी यांकडे वळते. ज्ञातीतील कुलवृत्तांत बहुधा याच साधनांवर उभे असतात आणि त्यांत स्त्रियांची नावे शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. परंतु भोर तालुक्यातील शिवरे व त्यासारख्या गावांत आणखी एक दफ्तर होते. ते कागदावर नव्हते, जात्याच्या खुंट्याशी होते. माहेरची वाट, बापाचे शेत, भावाची बैलजोडी, सासरचा जाच, हा सारा संसार पहाटेच्या दळणात ओवीला येऊन मिळे.

पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. तथापि ओवी लगेच विसरली गेली नाही. फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवाँ व पुण्याच्या हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी मुलखापासून आरंभ करून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पॉइटवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या नसत्या, तर हा संग्रह आणखी वाढता. ओव्या सांगणाऱ्या पुष्कळशा बायका वयस्क होत्या, जाते सुटून कित्येकींना वर्षे लोटली होती. नुसते "ओवी सांगा" म्हटले तर आठवत नाही. हात खुंट्यावर गेला, चाल लागली, की एकीमागून एक ओवी येते, हा अनुभव जुन्या बायकांकडून कोणीही ऐकावा. स्मृती शब्दांत जितकी, तितकीच हाताच्या फेऱ्यातही असते.

मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे याला पुष्टी देते. साधारण दहा ते तीस या वयातील गाणी उतारवयात अधिक ठसठशीत उरतात. आमच्या आज्यांच्या बाबतीत हेच वय माहेर सुटण्याचे व सासरी रुळण्याचे होते. बुद्धिभ्रंशाच्या विकारात घरच्यांची नावे विसरलेली माणसेही जुनी चाल ऐकताच गाऊ लागतात, असे अनेकदा दिसून आले आहे.

आता जात्याला हात लागतो तो बहुधा लग्नाच्या हळदीपुरताच. तेवढ्या वेळात, वाद्यांचा गलबला जरा थांबवून, आजीजवळ बसावे. ओवी जशीच्या तशी उतरावी. सोबत आजीचे नाव, माहेरचे गाव व लग्नाचे साल टिपावे. चाल ध्वनिमुद्रित करता आल्यास उत्तमच. कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीत पुरुषांच्या वंशावळीशेजारी ही पाने छापावीत, अशी आमची मंडळाला विनंती आहे.