गिरणगाव : परतीचं दार

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या कबड्डी संघातले दोस्त पुढे गिरणीत बदली कामगार झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, पोट थोडंच थांबतं? टोळीवाल्यांनी हातात आधी पैसे ठेवले, काम नंतर सांगितलं.

त्यातल्या एकाला सुटायचं होतं. पण गिरणीला टाळं, टोळीला संशय, पोलिसांच्या वहीत नाव. एका रात्री तो आमच्याकडे आला. ‘कुठं तरी चिकटव ना रे,’ म्हणाला. आम्ही घाबरून टाळलं.

माणूस स्वतः निवड करतो, असं आम्ही वर्गात शिकवत होतो. खरंय ते. पण परतायला दार लागतं, आणि ते आतून कुणीतरी उघडावं लागतं.