वांशिक भेदभाव निर्मूलन करार
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेला आंतरराष्ट्रीय करार. अंमल ४ जानेवारी १९६९ पासून. दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांनी १९६० मध्ये ६९ निदर्शकांचे बळी घेतले, ती जखम तेव्हा ताजी होती. भेदभावाच्या व्याख्येत वंश व वर्ण यांबरोबर ‘जन्मकुळ’ ही संज्ञा आली, तीही भारताच्याच सूचनेवरून. देखरेख करणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या समितीने २००२ मध्ये जातिभेद या संज्ञेत मोडतो असे स्पष्ट केले. भारत सरकारला हा अर्थ मान्य नाही. वंशवाद व परकीयद्वेषाविरुद्धच्या डरबन परिषदेत (२००१) दलित कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न तळमळीने मांडला होता. परिषदेच्या जाहीरनाम्याने गुलामगिरीला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले. जातीचा उल्लेख मात्र टाळला, ही त्यातील गंभीर उणीव होय.