नाव सांगणारा आवाज, बिननावाचा आवाज

घाटनांदूरहून रेल्वेनं लांबच्या गावी जाणाऱ्या बायांना मोठ्या स्टेशनात एक बाई हमखास भेटते. दिसत मात्र नाही. गाडीचा नंबर, फलाट, किती उशीर, सगळं कर्ण्यातून सांगते. आपण तिला रेडिओवाली समजतो. पण रेडिओवरची निवेदिका वेगळी.

मुंबईत रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पुण्याचं २ ऑक्टोबर १९५३ ला. निवेदिका घड्याळाला बांधलेली. केंद्राचं नाव, वेळ, पुढचं गाणं ती त्या क्षणी बोलते. चुकली तर ‘क्षमा करा’ म्हणते आणि पुढं जाते. पुणे केंद्रावर सुधा नरवणे बातम्या द्यायच्या. आवाजाबरोबर त्यांचं नावही घरोघरी पोचलं. (त्यांचे चिरंजीव पुढं लष्करप्रमुख झाले, पण बाईंची ओळख त्याच्या कितीतरी आधीची, स्वतःच्या कामाची.)

व्हॉइसओव्हरचं तसं नाही. तिथं चित्र असतं आणि आवाज त्याच्यासाठी द्यायचा. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. सिनेमाआधीचे त्यांचे माहितीपट थोरल्या बायांना आठवत असतील. धरण दिसायचं, पीक दिसायचं, मागून कुणीतरी बोलायचं. दृश्य दहा सेकंदांचं, तर बोलणंही तेवढ्यातच बसवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या जाहिराती, कार्टून, फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारी बाई, सगळी याच घरातली.

ही दोन्ही कामं सरला चौधरींच्या वाट्याला आली. १९८२ मध्ये त्या मध्य रेल्वेत रोजंदारीवर उद्घोषक म्हणून लागल्या. तेव्हा संगणक नव्हता, घोषणा तोंडानंच करावी लागे. पुढं त्यांचा आवाज मुद्रित झाला. मग बाई दुसऱ्या विभागात गेल्या आणि आवाज फलाटावर राहिला. लाखो लोकांनी तो ऐकला, पण कर्ण्यातून त्यांचं नाव कधी आलं नाही.

२००६ पासून संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. म्हसवडला माणदेशी बायांचा रेडिओ २००८ पासून बोलतोय. तिथं, इथं, आपण नाव सांगून बोलतो.

आमच्या गटातल्या एकीनं बियाण्याच्या जाहिरातीला आवाज दिला. पैसे एकदाच मिळाले. किती दिवस वाजवणार, हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसरा हंगाम आला, जीपवरचा भोंगा गावातून फिरतोच आहे. परवा तिच्याच नातवानं विचारलं, “आजी, ही बाई कोण गं?”